बेटावरची साक्ष

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात, सच्चे आणि लबाड. सच्चा जे बोलेल ते खरंच असतं, लबाड जे बोलेल ते खोटंच असतं. चेहऱ्यावरून, बोलण्याच्या ढबीवरून कोण कुठला ते ओळखू येत नाही. तुम्ही बेटावर उतरता आणि दोघंजण समोर येतात. त्यांना अ आणि ब म्हणू. अ म्हणतो, ‘आम्ही दोघंही लबाड आहोत.’ ब गप्प राहतो. तर अ कोण आणि ब कोण?

हे कोडं वाचल्यावर मला वाटलं, यातून काही निष्पन्न होण्यासारखं नाही. बोलणारा भरवशाचा आहे की नाही हेच माहीत नाही, मग त्याच्या बोलण्याला वजन किती द्यायचं? दुसरा साक्षीदार तोंड उघडत नाही. तिसरा हजर नाही. कागद नाही, पंचनामा नाही. अशा एका वाक्यावर कोण निकाल देईल?

हे शब्द माझ्या तोंडी सहज येतात, कारण माझी सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, सरतपास व्हायचा, उलटतपास व्हायचा, साहेब वाक्य सांगायचे आणि मी ते टंकून घ्यायची. माणूस कुठे अडखळला, वकिलांनी तारीख विचारल्यावर त्याची नजर कुठे गेली, हे बघायची सवय मला लागली होती. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहून ठेवायची मुभा न्यायाधीशांना कायद्यानेच दिलेली आहे. बेटावर मात्र नजर नाही, आवाज नाही, घाम पुसणं नाही. नुसतं वाक्य आहे. माझा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

पुस्तक भाचीने आणून दिलं होतं. रेमंड स्मलियन यांचं ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’, १९७८ साली आलेलं. मी पहिल्या पानांवर अडून बसलेली पाहून ती म्हणाली, ‘मावशी, तू त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत बसलीयस. ते ठरवूच नकोस. आधी तो सच्चा आहे असं धरून चाल आणि काय होतं ते बघ.’

धरून चालले. अ सच्चा आहे, तर त्याचं वाक्य खरं. वाक्य खरं, तर दोघंही लबाड. म्हणजे अ लबाड. पण आपण तर तो सच्चा धरला होता. हे जुळत नाही, म्हणून अ सच्चा असू शकत नाही. तो लबाड. मग त्याचं वाक्य खोटं असलं पाहिजे. ‘दोघंही लबाड’ हे खोटं, आणि अ तर लबाड आहेच. तेव्हा ब लबाड नाही. ब सच्चा.

मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पुरावा एकच होता, तोही खोटं बोलणाऱ्याने दिलेला, आणि त्यातून दोन माणसांबद्दल पक्का निकाल निघत होता. जो एक अक्षरही बोलला नाही त्या ब-बद्दलसुद्धा. कोणावर विश्वास ठेवला नव्हता, कोणाला खोटं ठरवायचं असं आधी मनात धरलं नव्हतं. वाक्य उच्चारलं गेलं, एवढ्याच गोष्टीतून सत्य बाहेर आलं. हे मला आजही विलक्षण वाटतं.

स्मलियन हे कोण, याचंही मला कुतूहल वाटलं. त्यांचा जन्म १९१९चा, न्यूयॉर्कमधला, आणि मृत्यू २०१७ साली. ते पियानो वाजवायचे, तरुणपणी जादूचे खेळ करून कमाई करायचे, आणि पुढे प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली तर्कशास्त्रात डॉक्टरेट मिळवून (१९५९) त्या विषयातले मोठे अभ्यासक झाले. त्यांच्या पुस्तकाची सुरुवातच एका आठवणीने होते. १ एप्रिल १९२५. छोटा रेमंड आजारी होऊन अंथरुणात पडलेला. मोठा भाऊ एमील सकाळी येऊन म्हणाला, आज मी तुला असा फसवणार आहे की तसा तू कधी फसला नसशील. पोरगा दिवसभर वाट बघत राहिला, भावाने काहीच केलं नाही. रात्री एमील म्हणाला, तुला वाटलं होतं ना मी फसवीन म्हणून? मी फसवलं नाही, म्हणजेच फसवलं. पोर दिवा मालवल्यावरही कितीतरी वेळ जागं होतं: मी फसलो की नाही? फसलो नसेन, तर मला जे अपेक्षित होतं ते झालंच नाही, म्हणजे फसलो. फसलो असेन, तर अपेक्षित तेच घडलं, मग फसलो कसा? या एका रात्रीच्या प्रश्नाला तो माणूस आयुष्यभर चिकटून राहिला, असं पुस्तक वाचताना वाटत राहतं.

आता बेटावरचा पहिला कायदा सांगते, कारण तो कळल्यावर माझी पावलं जरा स्थिरावली. ‘मी लबाड आहे’ हे वाक्य बेटावर कोणीच बोलू शकत नाही. सच्चा बोलला तर ते खोटं होईल, लबाड बोलला तर ते खरं होईल. उलट ‘मी सच्चा आहे’ हे प्रत्येकजण बोलू शकतो. म्हणून ते वाक्य ऐकून आपल्याला काहीही कळत नाही.

इथे मला कोर्ट आठवलं. उलटतपासाच्या शेवटी वकील एक सूचना हमखास करतात, आणि तिला आलेलं उत्तर मी वर्षानुवर्षं टंकलं आहे: ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ खरं बोलणारा साक्षीदार हे वाक्य बोलतो, खोटं बोलणाराही हेच बोलतो. टंकताना मला ते फक्त रीतीचं वाक्य वाटायचं. त्यातून माहिती का मिळत नाही, याचं काटेकोर कारण मला या बेटावर मिळालं. जे वाक्य सगळेच बोलू शकतात त्यातून बोलणारा कळत नाही. जे वाक्य कोणीतरी बोलूच शकत नाही, त्यातच माहिती भरलेली असते.

हाच कायदा वापरून सुटणारं एक जुनं कोडं आहे. ते स्मलियन यांच्याही आधीचं. मॉरिस क्राइचिक यांच्या ‘मॅथेमॅटिकल रिक्रिएशन्स’ या पुस्तकात ते येतं. अ-ला विचारलं, तू कोण? तो काहीतरी पुटपुटला, ऐकू आलं नाही. ब म्हणाला, ‘अ म्हणाला की तो लबाड आहे.’ क म्हणाला, ‘ब-वर विश्वास ठेवू नका, तो खोटं बोलतोय.’ आमच्या कोर्टात ब-चं बोलणं ऐकीव म्हणून बाजूला पडलं असतं. दुसऱ्याने काय सांगितलं ते तिसऱ्याकडून घ्यायचं नाही, हा साक्षीचा साधारण नियम. पण बेटावर त्या ऐकीव साक्षीनेच काम होतं. ‘मी लबाड आहे’ असं अ बोलूच शकत नाही, म्हणून ब-ने सांगितलं ते खोटं. ब लबाड, क सच्चा. आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली तो अ? त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि ‘कळत नाही’ हेच बरोबर उत्तर आहे. प्रत्येक प्रश्नाला निकाल असतोच असं नाही, पण निकाल नाही हेसुद्धा सिद्ध करावं लागतं.

यापुढची वाट मला अवघड गेली, आणि ती अडचण बेटाची नव्हती, नकाराची होती. ‘दोघंही लबाड आहेत’ हे खोटं असेल, तर खरं काय? मन लगेच म्हणतं, दोघंही सच्चे. पण तसं नाही. निदान एक सच्चा, एवढंच. एखाद्या साक्षीत ‘मी आणि माझा भाऊ त्या वेळी शेतात होतो हे म्हणणे खरे नाही’ असं वाक्य यायचं. त्यावरून दोघंही शेतात नव्हते असं ठरत नाही; भाऊ एकटा असेल, किंवा साक्षीदार एकटा असेल. चांगले वकील म्हणूनच सूचना तोडून तोडून विचारतात. ‘आणि’ला नकार दिला की ‘किंवा’ येतो, ‘किंवा’ला नकार दिला की ‘आणि’ येतो. ‘सगळे’ला नकार दिला की ‘निदान एक नाही’ येतं. लबाडाचं प्रत्येक वाक्य असं उलटावं लागतं, आणि उलटताना जीभ सवयीने चुकीच्या बाजूला वळते. मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात या जोड्या लिहून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी तिकडे बघून मगच पुढे गेले.

त्या जोड्यांमुळे एक सुंदर कोडं हाती लागलं. अ म्हणतो, ‘आमच्यापैकी निदान एक लबाड आहे.’ अ लबाड धरला, तर निदान एक लबाड आहेच, म्हणजे त्याचं वाक्य खरं ठरलं. लबाड खरं बोलू शकत नाही. म्हणून अ सच्चा, वाक्य खरं, आणि तो लबाड नसल्यामुळे लबाड ब. पहिल्या कोड्यात ‘दोघंही’ होतं, इथे ‘निदान एक’ आहे. एवढ्या फरकाने दोघांच्या जागा उलट्यापालट्या झाल्या.

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते ‘जर-तर’ने. अ म्हणतो, ‘मी सच्चा असेन, तर ब सच्चा आहे.’ याने काय सांगितलं? काहीच नाही, असं वाटतं. स्वतःबद्दल शंका ठेवून दुसऱ्याची ग्वाही. पण तर्कशास्त्रात ‘जर’चा भाग खोटा असेल तर सबंध वाक्य खरं मानतात. हे मला पटायला वेळ लागला. शेवटी असं पटलं: ‘पाऊस आला तर छत्री घेऊन येईन’ असं मी म्हटलं आणि पाऊस आलाच नाही, तर छत्री आणो न आणो, मी शब्द मोडला असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे अ लबाड असेल तर ‘मी सच्चा असेन’ हा भाग खोटा, आणि वाक्य खरं. लबाडाच्या तोंडी खरं वाक्य, हे चालायचं नाही. म्हणून अ सच्चा. मग अट पूर्ण झाली. मग ब-ही सच्चा. दोघंही सच्चे! ज्या वाक्यात कसलीच माहिती दिसत नव्हती त्याने दोघांचीही ओळख पटवून दिली.

आणि याच्या अगदी उलटं एक वाक्य आहे, जे माझं सगळ्यात आवडतं. अ म्हणतो, ‘ब आणि मी एकाच गटातले आहोत.’ अ सच्चा असेल तर ब त्याच्यासारखाच, सच्चा. अ लबाड असेल तर वाक्य खोटं, म्हणजे दोघं वेगळ्या गटांतले, म्हणजे ब पुन्हा सच्चाच. अ कोणीही असो, ब सच्चा ठरतो. बोलणाऱ्याबद्दल काही कळत नाही, ज्याच्याबद्दल तो बोलला त्याच्याबद्दल सगळं कळतं.

दोन रस्त्यांचं प्रसिद्ध कोडं यावरच उभं आहे. फाट्यावर एकजण उभा आहे, सच्चा की लबाड माहीत नाही, आणि गावाचा रस्ता एकाच प्रश्नात काढून घ्यायचा आहे. ‘लॅबिरिंथ’ या १९८६च्या इंग्रजी चित्रपटात ते दोन दारं आणि दोन पहारेकरी अशा रूपात येतं. उपाय असा: ‘हा उजवीकडचा रस्ता गावाला जातो का, असं मी तुला विचारलं, तर तू हो म्हणशील का?’ समजा उजवीकडचाच रस्ता बरोबर आहे. सच्चा ‘हो’ म्हणेल हे उघड आहे. लबाडाला सरळ विचारलं असतं तर तो ‘नाही’ म्हणाला असता. पण आता त्याला विचारलंय, तू ‘हो’ म्हणशील का. खरं उत्तर ‘नाही’, म्हणून तो खोटं बोलून ‘हो’ म्हणतो. खोट्यावर खोटं चढलं की ते खरं होतं, जसा उणे गुणिले उणे अधिक.

इथे थांबून मी एक गोष्ट सांगणार आहे, कारण या सगळ्या अभ्यासातून माझ्या मनात घर करून राहिली ती हीच. बेटावरचा लबाड हा अत्यंत भरवशाचा माणूस आहे. तो कधीच चुकून खरं बोलत नाही, म्हणून त्याचं बोलणं उलटलं की सत्य हाती येतं. खऱ्या आयुष्यात असा माणूस नसतो. ‘एका गोष्टीत खोटा तो सगळ्या गोष्टींत खोटा’ असं एक जुनं लॅटिन सूत्र आहे, पण आपल्या देशात तो कायद्याचा नियम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. साक्षीतलं खरं तेवढं वेचून घ्यावं लागतं, खोटं टाकून द्यावं लागतं, आणि तेच न्यायाधीशाचं सगळ्यात कठीण काम आहे. जे सूत्र आमच्या कोर्टात चालत नाही, ते बेटावर मात्र शंभर टक्के चालतं. एक वाक्य खोटं सापडलं की माणूस कायमचा उलगडला.

स्मलियन यांनीही पुढे तिसरा प्रकार आणलाच, कधी खरं आणि कधी खोटं बोलणारे ‘सामान्य’ लोक. ते आले की कोडी एकदम अवघड होतात. महाभारतातलं उदाहरण घ्या. युधिष्ठिर आयुष्यभर सच्चा होता आणि द्रोणाचार्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला तो त्यामुळेच. अश्वत्थामा मेल्याचं मोठ्याने सांगून ‘नरो वा कुंजरो वा’ हळूच म्हटलं, त्या क्षणी तो बेटाच्या भाषेत सामान्य झाला. पुत्र गेला असं समजून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. ठाम लबाडाला द्रोणांना फसवता आलं नसतं. त्याचं म्हणणं त्यांनी उलटवून घेतलं असतं.

या तिसऱ्या माणसाचं सगळ्यात गाजलेलं कोडं जॉर्ज बूलोस यांनी १९९६ साली ‘हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ फिलॉसॉफी’मध्ये मांडलं आणि त्याला जगातलं सर्वांत कठीण तर्ककोडं म्हटलं. मूळ कल्पनेचं श्रेय त्यांनी स्मलियन यांना दिलं. तीन देव: एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं, आणि एक मनाला येईल ते. ‘हो’ आणि ‘नाही’साठी ते ‘दा’ आणि ‘जा’ म्हणतात, पण कुठल्या शब्दाचा कुठला अर्थ ते आपल्याला ठाऊक नाही. तीन प्रश्नांत तिघांना ओळखायचं. त्याचं उत्तर मी वाचून समजून घेतलं आहे. पहिल्या प्रश्नाने मनमानी देव कोण ते शोधत नाहीत, तो नक्की नाही असा एक देव शोधतात, आणि पुढचे प्रश्न त्यालाच विचारतात. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

अर्थ ठाऊक नसलेल्या शब्दांची कल्पना स्मलियन यांच्या बेटावर सोप्या रूपात भेटते. तिथे ‘बाल’ आणि ‘दा’ असे शब्द आहेत, त्यातला एक ‘हो’ आणि एक ‘नाही’. समोरचा सच्चा की लबाड, एका प्रश्नात ओळखायचं. मला वाटलं, आता तर उत्तर कळूनही उपयोग नाही! पण प्रश्न असा आहे: ‘बाल म्हणजे हो का?’ सच्चा माणूस नेहमी ‘बाल’ म्हणतो. बाल म्हणजे हो असेल तर खरं उत्तर हो, म्हणजे बाल. बाल म्हणजे नाही असेल तर खरं उत्तर नाही, म्हणजे पुन्हा बालच. लबाड तसाच नेहमी ‘दा’ म्हणतो. तुम्ही माणूस ओळखला, पण बालचा अर्थ अजून तुम्हाला माहीत नाही. आता उलटं करा. माणूस नको, शब्दाचा अर्थ हवा. मग विचारा, ‘तू सच्चा आहेस का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. तेव्हा जो शब्द कानावर पडेल तो ‘हो’. उलटतपासाच्या शेवटचं ते रीतीचं वाक्य इथे कामाला आलं. बोलणाऱ्याबद्दल ते काही सांगत नाही, म्हणूनच भाषेबद्दल सांगू शकतं.

या सगळ्या यशाने मन भरलेलं असताना पुस्तकात दोन पेट्यांचं कोडं आलं. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया आणि तिच्या पेट्या घेऊन स्मलियन यांनी एक प्रकरणच लिहिलं आहे. एक पेटी सोन्याची, एक चांदीची; एकीत पोर्शियाची तसबीर आहे, ती पेटी ओळखायची. सोन्याच्या पेटीवर लिहिलंय, ‘तसबीर यात नाही.’ चांदीच्या पेटीवर, ‘या दोन वाक्यांतलं नेमकं एक खरं आहे.’ चांदीचं वाक्य खरं धरलं, तर सोन्याचं खोटं, म्हणजे तसबीर सोन्यात. चांदीचं खोटं धरलं, तर नेमकं एक खरं नाही. चांदीचं तर खोटं आहेच, म्हणून सोन्याचंही खोटंच हवं, आणि तसबीर पुन्हा सोन्यात. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. गोष्टीतला वर ती पेटी उघडतो, आणि ती रिकामी. तसबीर चांदीत.

मी सुन्न झाले. तर्कात कुठेच भोक दिसत नव्हतं. भोक तर्काच्या आधी होतं. पेट्यांवरची वाक्यं एकतर खरी किंवा खोटी असतीलच, असं कोणीही सांगितलेलं नव्हतं. बेटावर ती हमी असते; पेटीवर कोणीही काहीही कोरू शकतो. तसबीर चांदीत असताना चांदीचं वाक्य स्वतःबद्दल एवढंच म्हणत राहतं की ‘मी खोटं आहे’, आणि अशा वाक्याला खरंही म्हणता येत नाही, खोटंही नाही. ग्रीसमध्ये मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर हा विरोधाभास आहे. आपल्याकडे साधारण पाचव्या शतकात भर्तृहरींनी ‘वाक्यपदीय’मध्ये, आपण बोलतो ते सगळंच खोटं आहे असं म्हणणाऱ्या माणसाच्या वाक्याचा विचार केला आहे. त्यांचं म्हणणं असं की बोलणाऱ्याला त्या ‘सगळ्या’त स्वतःचं हे वाक्य धरायचंच नसतं, धरलं तर त्याला जे सांगायचं आहे तेच पोचत नाही. आपल्या व्याकरणपरंपरेत हे इतकं आधी आणि इतकं नेमकं सांगून ठेवलेलं आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

शेवटी स्मलियन आपल्याला जिथे नेतात ती जागा मात्र विरोधाभासाची नाही. समजा बेटावर एक नोंदवही आहे. ज्यांचा सच्चेपणा सिद्ध झाला आहे अशांचीच नावं त्यात असतात. लबाडाचं नाव त्यात कधीच नसतं. एकजण येऊन म्हणतो, ‘माझं नाव त्या वहीत नाही.’ तो लबाड असता तर हे वाक्य खरं झालं असतं, कारण लबाडाचं नाव वहीत नसतंच. म्हणून तो लबाड नाही, सच्चा आहे. मग त्याचं वाक्य खरं, म्हणजे त्याचं नाव वहीत खरोखरच नाही. तो सच्चा आहे हे तुम्हाला-मला कळलं, पण वहीला कळलेलं नाही. कुर्ट गोडेल यांनी १९३१ साली अंकगणिताबद्दल जे दाखवलं त्याचा गाभा हाच: अंकगणित मांडण्याइतकी समर्थ आणि अंतर्विरोध नसलेली कुठलीही नियमपद्धती घेतली, तरी तिच्या नियमांनी सिद्ध न होणारी अशी खरी विधानं उरतातच.

हा परिच्छेद मी वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. खरं बोलणारा, पण ज्याचं खरेपण कधीच शाबीत होणार नाही असा साक्षीदार. असा माणूस मी पिंजऱ्यात उभा पाहिला असेल का, हे मला सांगता येणार नाही. पण असा असू शकतो हे गणिताने सिद्ध केलेलं आहे, आणि त्यामुळे मला पूर्वीच्या कितीतरी साक्षी पुन्हा आठवल्या.

या कोड्यांबद्दल एक आग्रह धरते. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. उत्तराचे चार पर्याय, त्यांतून निवडायचं. या जातीची कोडी पर्याय देऊन विचारणं म्हणजे त्यांचा जीव काढून घेणं आहे. पर्याय दिले की मूल एकेक पर्याय घालून बघतं आणि जुळला की पुढे जातं. सच्चा-लबाड धरून तिघांचे आठ संच होतात, चौघांचे सोळा. तक्ता मांडून ते तपासता येतात आणि उत्तर नक्की येतं, पण ‘असं धरलं तर काय होईल’ ही वाट त्यात चालली जात नाही. पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना ही कोडी पर्यायांशिवाय द्या, आणि उत्तर नको, कारण सांगायला लावा.

आणि तुमच्यासाठी हे एक. तिघं भेटतात. अ म्हणतो, ‘ब आणि क एकाच गटातले आहेत.’ ब म्हणतो, ‘आम्हा तिघांत निदान एक लबाड आहे.’ क काहीच बोलत नाही. तिघांचीही ओळख पटते, उत्तर एकच आहे आणि ते शोधायला लागणारं सगळं वर येऊन गेलं आहे. कागद-पेन्सिल घ्या, कोणालाही विचारू नका, आणि सुरुवात ब-पासून करा.